जर्मनीहून आलेला मूळपुरुष: वसाहतकाळातल्या अमेरिकेत त्याचा माग कसा काढायचा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत आता अशी सोयरीक नवी राहिलेली नाही: सून किंवा जावई पेनसिल्व्हेनियाचा, मेरीलँडचा, नाहीतर ओहायोचा, आडनाव स्नायडर, यीगर, कून्स असं काहीतरी, आणि त्या घरात चालत आलेली एकच ओळ, "आमचा मूळपुरुष जर्मनीहून आला, स्वातंत्र्ययुद्धाच्या कितीतरी आधी." नातवंडांना शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला, की एका बाजूला छापील कुलवृत्तांत निघतो आणि दुसऱ्या बाजूला फक्त ती ओळ.

ती ओळ पुढे नेता येते. १६८३ मध्ये क्रेफेल्डची तेरा कुटुंबं फिलाडेल्फियाजवळ उतरली आणि त्यांनी फ्रान्सिस डॅनिएल पास्टोरियसच्या पुढाकाराने जर्मनटाउन वसवलं. तिथपासून १७७५ पर्यंत लाखाच्या आसपास जर्मनभाषक इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींत आले. त्यांतले बहुतेक शेतकरी, विणकर, लोहार. त्यांच्याविषयी बरंच लिहून ठेवलेलं आहे, पण ते विखुरलेलं आहे. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांची वही उघडली की घराण्यातली नावं ओळीने सापडतात, तशी एकच वही तिकडे नाही. चर्च, जमीन खातं, काउंटीचं म्हणजे जिल्ह्याचं न्यायालय, बंदरातली शपथ आणि जर्मनीतलं मूळ गाव अशा निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी जुळवाव्या लागतात.

या कामात उतरणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगते: त्या माणसाला एकट्याला शोधू नका, त्याचा गोतावळा शोधा. बोटीवर सोबत कोण होतं, शेजारची जमीन कुणाची, मुलाच्या बाप्तिस्म्याला कोण उभं राहिलं, मृत्युपत्रावर साक्ष कुणाची. योहानेस म्युलर नावाची माणसं त्या काळात पोत्याने सापडतात. पण ज्याचा शेजारी अमुक, साडू तमुक आणि धर्मपिता ढमुक, असा योहानेस म्युलर एकच असतो.

सुरुवात आजपासून, आणि एकेक पिढी मागे

बोटीच्या यादीपासून सुरुवात करण्याचा मोह फार होतो. यादी ऑनलाइन मिळते, तिच्यात आडनाव दिसतं आणि माणूस खूश होतो. पण ते नाव तुमच्याच माणसाचं आहे हे त्या यादीवरून कधीच ठरत नाही. म्हणून आजच्या पिढीपासून मागे चला आणि प्रत्येक मुलाला त्याच्या आईबापांशी जोडणारा निदान एक कागद हातात घ्या.

विसाव्या आणि एकोणिसाव्या शतकातलं काम भराभर होतं. पेनसिल्व्हेनियात राज्यभरातली जन्ममृत्यूची नोंदणी १९०६ पासून आहे. १८५० पासूनच्या जनगणनांत घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं. त्याआधी, १७९० ते १८४० या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची संख्या. खरी कसोटी इथेच लागते, १७८० ते १८५० या पट्ट्यात. इथे मृत्युपत्रं, खरेदीखतं, चर्चच्या नोंदवह्या, थडग्यांवरचे लेख आणि स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांचे पेन्शनचे अर्ज यांवर भिस्त ठेवावी लागते. त्या पेन्शनच्या कागदांत कधीकधी विवाहाचा पुरावा म्हणून कौटुंबिक बायबलमधलं फाडलेलं पान किंवा रंगीत बाप्तिस्मापत्रच जोडलेलं सापडतं.

घरच्या आठवणी लिहून घ्या, पण पारखून घ्या. "तीन भाऊ आले, एक इथे राहिला, एक दक्षिणेला गेला, एकाचा पत्ता लागला नाही" ही कथा असंख्य अमेरिकी घराण्यांत आहे. "एलिस आयलंडवर आडनाव बदललं" हीदेखील. एलिस आयलंडचं स्थानक १८९२ मध्ये सुरू झालं, तोवर तुमचा मूळपुरुष येऊन शतक उलटलेलं होतं. पूर्वज हेसियन सैनिक होता असं ऐकलं, तरी तपासा. स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने सुमारे ३० हजार जर्मन सैनिक आले आणि त्यांतले काही हजार अमेरिकेतच राहिले, त्यामुळे गोष्ट खरी असू शकते. मात्र त्या घराण्याचं नाव १७६० च्या करयादीत आधीच असेल तर ती तिथेच निकालात निघते.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: प्रत्येक नोंदीपुढे तेव्हाची काउंटी कोणती होती ते लिहा. लँकेस्टर काउंटी १७२९ मध्ये चेस्टरमधून निघाली. यॉर्क १७४९ ची, बर्क्स आणि नॉर्थॅम्प्टन १७५२ च्या, डॉफिन १७८५ ची, लेबनन १८१३ ची. आजच्या लेबनन काउंटीच्या उत्तर भागात एकाच शेतावर तीन पिढ्या राहिलेल्या घराण्याचे कागद म्हणूनच लँकेस्टर, डॉफिन आणि लेबनन अशा तीन न्यायालयांत असतात. "लेबननमध्ये काहीच मिळालं नाही" म्हणून काम सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कागद शेजारच्या काउंटीत पडून असतात.

नावांची उकल

जर्मन मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी बहुधा दोन नावं मिळत, आणि हाक मारायचं नाव दुसरं असे. योहान गेओर्ग, योहान पेटर, योहान मिखाएल हे तिघे सख्खे भाऊ असू शकतात. त्यांना गेओर्ग, पेटर, मिखाएल म्हणूनच ओळखत, आणि इंग्रजी कागदांत ते जॉर्ज, पीटर, मायकेल होतात. योहानेस हे मात्र स्वतंत्र नाव, त्याचा जॉन होतो. मुलींमध्ये आना आणि मारिया ही तशीच पुढे लागणारी नावं. स्त्रीच्या आडनावाला शेवटी "इन" लावत, म्हणून म्युलरची बायको किंवा मुलगी नोंदवहीत "म्युलरिन" दिसते. ते वेगळं आडनाव समजू नका. मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव पुन्हा ठेवत. इंग्रजी कागदांतलं "सीनियर" आणि "ज्युनियर" तर फक्त गावातला थोरला आणि धाकटा एवढंच सांगतं, ते दोघे बापलेक असतीलच असं नाही.

आडनावांचं रूप बदललं ते इंग्रज कारकुनाच्या कानामुळे. जर्मन माणसाच्या तोंडी ब आणि प, ड आणि ट, ग आणि क सहज एकमेकांत मिसळतात, आणि त्यांच्या लिपीतला व्ही अनेकदा फ असा उच्चारला जातो. इथे मराठी वाचकाला एक सोय आहे: रोमन स्पेलिंगं बाजूला ठेवा आणि नाव देवनागरीत लिहा. पाच-सहा स्पेलिंगांनी लिहिलेलं कुन्त्स, कून्स, कुन्स हे एकाच ओळीत बसतं आणि शोधायची रूपं आपोआप समोर येतात. काही घराण्यांनी नावाचं भाषांतरच केलं: त्सिमरमान झाला कार्पेंटर, श्वार्त्स झाला ब्लॅक, येगर कुठे यीगर राहिला तर कुठे हंटर झाला. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचा मूळपुरुष आंद्रेआस हुबर होता.

तारखांबद्दल एकच इशारा. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना होती आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट संस्थानांनी मात्र नवी कालगणना १७०० मध्येच घेतली होती. त्यामुळे जर्मन जन्मनोंद आणि अमेरिकेतल्या थडग्यावरची जन्मतारीख यांत अकरा दिवसांचा फरक दिसला तर माणूस चुकला असं लगेच समजू नका. फेब्रुवारी १७३१/३२ अशी दुहेरी तारीख दिसली तर ती तशीच उतरवून घ्या.

चर्चच्या नोंदवह्या

माझ्या मते सगळ्यात मोलाचा ठेवा हाच. पण आधी पंथ ओळखावा लागतो. ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड हे दोन मोठे पंथ, ते तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत आणि नोंद ठेवत. खेड्यांत दोघांनी मिळून एकच इमारत बांधलेली असे आणि आळीपाळीने उपासना चाले, म्हणून एका पंथाची वही पाहिली की दुसऱ्याचीही पाहायची. नवरा ल्यूथरन आणि बायको रिफॉर्म्ड असली तर मुलांच्या नोंदी दोन्हींत वाटलेल्या असतात. मेनोनाइट, आमिश आणि डंकर हे लोक प्रौढपणीच बाप्तिस्मा घेत, त्यामुळे त्यांच्याकडे जन्माबरोबरची नोंद शोधू नये. तिथे जमिनीचे दस्त आणि मृत्युपत्रंच कामाला येतात. मोराव्हियन लोक दुसऱ्या टोकाला. १७४१ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम वसवलं, आणि प्रत्येक सभासदाचं छोटं जीवनचरित्र लिहून ठेवण्याची त्यांची रीत होती. जन्मगाव, आईबाप, प्रवास, लग्न, मनातली उलघाल, सारं त्यात असतं. तुमचा पूर्वज थोडी वर्षं जरी मोराव्हियनांत राहिला असेल तरी बेथलेहेमच्या मोराव्हियन अर्काइव्ह्जकडे चौकशी कराच.

सुरुवातीला पाद्री फार थोडे होते. ल्यूथरनांचा हेन्री मेल्खियोर म्युलेनबर्ग १७४२ मध्ये आला, रिफॉर्म्डांचा मिखाएल श्लाटर १७४६ मध्ये. त्याआधी आणि नंतरही फिरते पाद्री घोड्यावरून वस्त्यावस्त्यांना जात आणि बाप्तिस्मे, लग्नं आपल्या खाजगी वहीत टिपत. योहान कास्पर श्टोव्हरची अशी वही १७३० पासून पुढे जवळजवळ पन्नास वर्षांची आहे, आणि तिच्यात लँकेस्टरपासून व्हर्जिनियातल्या शेनॅन्डोआ खोऱ्यापर्यंतची घराणी आहेत. म्हणजे गावातल्या चर्चच्या वहीत नोंद मिळाली नाही, तरी त्या भागात फिरणाऱ्या पाद्र्याच्या वहीत ती असू शकते.

बाप्तिस्म्याची नोंद वाचताना नवखा माणूस मुलाचं आणि आईबापांचं नाव उतरवून पुढे जातो. थांबा, आणि धर्मपिता-धर्ममाता कोण ते लिहा. हे लोक उगाच निवडलेले नसत. ते भाऊ, मेहुणी, आजोबा किंवा त्याच मूळ गावाहून आलेले शेजारी असत. एका जोडप्याच्या सगळ्या मुलांचे धर्मपालक एका कागदावर मांडले की आईचं माहेर बहुतेकदा डोळ्यासमोर येतं, आणि माहेरचं आडनाव कळणं हा या कामातला मोठा आनंद आहे. दफनाच्या नोंदीही सोडू नका. काही ल्यूथरन पाद्री तिथे मृताचा जन्म कुठे झाला, अमेरिकेत कधी आला, किती मुलं झाली हे चार ओळींत लिहून ठेवत.

या वह्या जर्मनमध्ये, कुरेंट नावाच्या जुन्या वळणाच्या अक्षरांत आहेत. तिच्यात ई आणि एन अगदी सारखे दिसतात. सुरुवातीला फक्त आपल्या घराण्याचं आडनाव कुरेंटमध्ये लिहायला शिका, ते पानावर ओळखता येतं, मग बाकीचं हळूहळू उलगडतं. पुष्कळ वह्यांची इंग्रजी भाषांतरं झाली आहेत आणि ती वापरावीत, पण शक्य तिथे मूळ पान पाहावं, कारण भाषांतरकार धर्मपालकांची नावं कधीकधी गाळतात. ट्रान्सक्रिबससारखी संगणकीय साधनं हल्ली पहिलं वाचन करून देतात.

बंदर, शपथ आणि चाकरी

ऱ्हाईन नदीने रॉटरडॅम, तिथून इंग्लंडचा काउझसारखा एखादा धक्का, मग अटलांटिक आणि फिलाडेल्फिया असा बहुतेकांचा मार्ग होता. गॉटलीब मिटेलबर्गर हा ऑर्गनवादक १७५० च्या मे महिन्यात व्युर्टेम्बर्गहून निघाला तो ऑक्टोबरात पोचला. नदीवरच्या जकात नाक्यांवर दिवसच्या दिवस जात, हे त्याने तपशिलाने लिहिलं आहे.

इतके परकी लोक येताना पाहून पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने सप्टेंबर १७२७ पासून सोळा वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यायला लावली. त्यातून एका बोटीच्या तीनपर्यंत याद्या तयार झाल्या: कप्तानाने दिलेली, राजनिष्ठेच्या शपथेची आणि गादीवर दुसऱ्या कुणाचा हक्क न मानण्याच्या शपथेची. या याद्या छापून निघाल्या आहेत आणि सह्यांच्या प्रतिमाही उपलब्ध आहेत. त्या कशा वाचायच्या, यावर सारं अवलंबून आहे.

बायका आणि मुलं शपथेच्या याद्यांत नाहीत, आणि कप्तानाच्या यादीतही क्वचितच आहेत. आजारी पुरुष शपथेला गेले नाहीत, त्यामुळे एखादं नाव एका यादीत आहे आणि दुसऱ्यात नाही असं होतं. यादीवरची तारीख शपथेची असते, बोट धक्क्याला लागल्याची नव्हे. कप्तानाच्या यादीत नाव इंग्रज कानाने ऐकलेलं असतं. शपथेच्या यादीत मात्र ज्याला लिहिता येत होतं त्याने स्वतः सही केलेली असते, आणि ज्याला येत नव्हतं त्याच्या नावाशी फुलीसारखी खूण असते. ही सही म्हणजे तुमचं सोनं. तीस वर्षांनी त्याच नावाच्या माणसाने मृत्युपत्रावर केलेली सही तिच्याशेजारी ठेवा. अक्षरांचं वळण, आडनावाच्या शेवटचा फराटा जुळला, तर सारख्या नावांच्या गर्दीतून तुमचा माणूस वेगळा काढता येतो. बोटीवर सही करणारा आणि शेतावर फुली मारणारा, असे दोघे एकच आहेत असं म्हणायला मात्र भक्कम कारण लागतं, म्हातारपण किंवा आजार यांसारखं. आणि त्या बोटीवरची सगळी नावं उतरवून घ्या, पुढे ती लागणार आहेत.

पोचल्यावर पुष्कळांची सुटका लगेच होत नसे. भाडं थकलेलं असेल तर बोटीवरूनच करार होई: कुणीतरी त्यांचं भाडं भरायचं आणि त्या बदल्यात त्यांनी चाकरी करायची. मिटेलबर्गर सांगतो की मोठ्या माणसांना तीन ते सहा वर्षं, आणि दहा-पंधरा वर्षांच्या मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंत राबावं लागे. अर्ध्याहून अधिक प्रवास झाल्यावर कुणी मेलं तर त्याचंही भाडं मागे राहिलेल्या नातेवाइकांना फेडावं लागे. नवऱ्याचं भाडं विधवेने, आईबापांचं पोरांनी. हे वाचताना जीव गलबलतो. संशोधनासाठी याचा अर्थ असा, की बोटीच्या यादीनंतर चार-पाच वर्षं तुमच्या माणसाचा कुठेच पत्ता नसेल तर तो बहुधा कुणाच्या तरी घरी चाकरीत आहे. फिलाडेल्फियातल्या अशा करारांच्या नोंदी १७४५-४६ आणि १७७१-७३ या वर्षांच्या टिकल्या आहेत. त्यांत मालकाचं नाव, गाव, मुदत आणि रक्कम मिळते. या लोकांच्या हालांमुळेच १७६४ मध्ये फिलाडेल्फियात जर्मन सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनिया स्थापन झाली.

क्रिस्टोफ साउर याने १७३९ मध्ये जर्मनटाउनमध्ये सुरू केलेलं जर्मन वृत्तपत्र आणि हेन्रिख मिलरचं १७६२ पासूनचं वृत्तपत्र यांतल्या जाहिरातीही पाहा. पळालेले चाकर, ताटातूट झालेली भावंडं, जर्मनीहून आलेलं पत्र कुणासाठी पडून आहे, अशा मजकुरात मूळ गावाचं नाव अचानक सापडतं.

जमीन, कर, नागरिकत्व

पेनसिल्व्हेनियात जमीन मिळण्याचे टप्पे ठरलेले होते: अर्ज, मोजणीचा हुकूम म्हणजे वॉरंट, मोजणी आणि शेवटी पेटंट म्हणजे मालकीची सनद. सगळे टप्पे पुरे व्हायला कधी दोन पिढ्या लागत. वॉरंट बापाच्या नावावर, पेटंट मुलाच्या किंवा तिऱ्हाइताच्या नावावर असंही होतं, आणि माणूस वॉरंटच्या कित्येक वर्षं आधीपासून त्या जमिनीवर राहत असू शकतो. राज्याच्या अर्काइव्ह्जने वॉरंटच्या नोंदवह्या आणि मोजणीचे नकाशे संकेतस्थळावर ठेवले आहेत, तेही फुकट. मोजणीच्या नकाशात चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं असतात. बोटीवरच्या नावांची जी यादी केली होती ती इथे काढा आणि ताडून पाहा.

करयादी वर्षागणिक पाहायची. नाव कधी उगवलं, कधी नाहीसं झालं, त्याच्या जागी "विधवा" कधी आलं, "अविवाहित" या सदरात कुणाचा मुलगा दिसला, यावरून मृत्यूचं वर्ष आणि मुलांची वयं अंदाजता येतात. १७४० च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे सात वर्षं राहिलेल्या परदेशी प्रॉटेस्टंटाला शपथ आणि चर्चमधला प्रभुभोजनाचा विधी यांवर नागरिकत्व मिळे. त्या नोंदींत विधीची तारीख असते, म्हणजे त्या दिवसाच्या आसपास कुठल्या चर्चची वही पाहायची ते कळतं. शपथ ज्यांच्या धर्मात बसत नव्हती त्यांची प्रतिज्ञेची यादी वेगळी.

मृत्युपत्रं मला सगळ्यांत माणसांजवळ नेतात. जर्मन शेतकरी आपल्या मागे बायकोचं काय होणार याची बारीक तजवीज करत असे: घरातली कुठली खोली तिची, वर्षाला किती राय आणि गहू, एक गाय, फोडलेलं सरपण दाराशी, बागेतली सफरचंदं, आणि हे कुठल्या मुलाने द्यायचं. त्यातून घराचं आतलं चित्र मिळतं, शिवाय मुलांची क्रमवारी, जावयांची नावं आणि कुणाला आधीच वाटा दिला तेही. मृत्युपत्र न करता मेलेल्या माणसासाठी ऑर्फन्स कोर्टाची, म्हणजे अनाथांच्या न्यायालयाची, दप्तरं पाहा. तिथे चौदा वर्षांवरचं मूल स्वतःचा पालक स्वतः निवडे, त्याखालच्याला कोर्ट नेमून देई, म्हणून वयाचा अंदाज बसतो. त्या काळात थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे, त्यावरून थोरला कोण हेही उघड होतं. ही इंग्रजी दप्तरं फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या संकेतस्थळाच्या संपूर्ण मजकूर शोधात आता शब्दाने शोधता येतात. त्यामुळे एरवी सूचीत न येणारे साक्षीदार आणि शेजारी पुण्यात बसूनही सापडू शकतात.

फिलाडेल्फियात नाव नसेल तर

१७०९ मध्ये हजारो पॅलाटाइन, म्हणजे ऱ्हाईनकाठच्या पॅलाटिनेट भागाच्या नावाने ओळखले जाणारे जर्मन लोक लंडनला जाऊन धडकले आणि त्यांतले सुमारे तीन हजार १७१० मध्ये न्यूयॉर्कला पाठवले गेले, हडसनकाठी जहाजांसाठी डांबर तयार करायला. तो उद्योग फसला. गव्हर्नर रॉबर्ट हंटरच्या शिधावाटपाच्या हिशेबात कुटुंबप्रमुखांची नावं आणि घरात दहा वर्षांवरचे किती, खालचे किती हे आहे. अनाथ मुलं कामाला लावून दिली त्याचीही यादी आहे, आणि तीत योहान पेटर झेंगर आहे, मुद्रणस्वातंत्र्याच्या १७३५ च्या खटल्यातला तोच. यांतली काही घराणी पुढे न्यूयॉर्कमधल्याच शोहारीला गेली आणि तिथून १७२३ पासून पेनसिल्व्हेनियातल्या टल्पेहॉकनला उतरली. मूळनिवासी राष्ट्रांशी वाटाघाटी करणारा दुभाषी कॉनराड वायझर हा त्यांतलाच, तो १७२९ मध्ये आला. टल्पेहॉकनच्या अशा घराण्याला फिलाडेल्फियाच्या बोटींत शोधणं व्यर्थ आहे.

व्हर्जिनियात १७१४ मध्ये जर्मना वसलं, जॉर्जियात १७३४ मध्ये साल्झबुर्गचे निर्वासित आले. आणि पेनसिल्व्हेनियातली जमीन महाग झाल्यावर लोक वॅगन रोड या दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीवाटेने मेरीलँड, शेनॅन्डोआ आणि कॅरोलायनाकडे सरकले. आंद्रेआस हुबरचं घराणं याच वाटेने मेरीलँडमार्गे नॉर्थ कॅरोलायनाला पोचलं. दक्षिणेत अडकलात तर त्या वाटेवरून उलट दिशेने या.

समुद्रापलीकडचं गाव

जर्मनी नावाचं राष्ट्र १८७१ पर्यंत नव्हतं. कागदात "पॅलाटिनेट" लिहिलेलं असलं तरी माणूस बाडेनचा, हेसेचा किंवा स्वित्झर्लंडचाही असू शकतो, कारण इंग्रज साऱ्यांनाच पॅलाटाइन म्हणत. तुम्हाला गावाचं नेमकं नाव लागतं, कारण नोंदवही गावच्या चर्चची असते. बाप्तिस्मापत्र, थडगं, दफनाची नोंद, मोराव्हियन चरित्र, वृत्तपत्र इथे ते मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तर गोतावळ्याकडे वळा. एका गावचे लोक बहुधा एका बोटीने आले, जवळजवळ जमिनी घेतल्या, एकमेकांच्या मुलांचे धर्मपालक झाले. बोट, शेजार आणि बाप्तिस्मा या तिन्ही याद्यांत येणारी नावं निवडा. त्यांतल्या एखाद्याचं मूळ गाव आधीच कुणीतरी शोधून छापलेलं असतं. त्या गावाची आणि आसपासच्या गावांची नोंदवही पाहायची.

प्रॉटेस्टंट वह्या आर्खिओन या संकेतस्थळावर पैसे भरून, बऱ्याचशा कॅथलिक वह्या मात्रिकुलावर फुकट, आणि काही फॅमिलीसर्चवर आहेत. १६८८ ते १६९७ च्या युद्धात पॅलाटिनेट जाळून काढलं गेलं, म्हणून कित्येक गावांच्या वह्या १७०० च्या सुमारासच सुरू होतात. संस्थान सोडायला प्रजेला परवानगी घ्यावी लागे आणि पैसे भरावे लागत. त्याचे कागद बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या राज्य अर्काइव्ह्जच्या स्थलांतरितांच्या सूचीत शोधता येतात. पॅलाटिनेटच्या स्थलांतरितांसाठी कायझर्सलाउटर्न इथल्या संस्थेत मोठी कार्डसूची आहे. पाद्र्याने बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी नंतर "पेनसिल्व्हेनियाला गेला" असं लिहिलेलं क्वचित आढळतं, आणि ते आढळलं की दिवस सार्थकी लागतो.

जुळणारं नाव आणि जुळणारं वय मिळालं की पुढची पायरी हमखास करा: त्याच वहीत त्या मुलाचा मृत्यू, किंवा मोठेपणी त्याचं तिथेच झालेलं लग्न आणि मुलं शोधा. तो दुसऱ्या वर्षी वारला असेल किंवा १७६० मध्ये त्याच गावात नांदत असेल, तर तो तुमचा पूर्वज नाही. इंटरनेटवरच्या कित्येक वंशवृक्षांत लहानपणीच वारलेली मुलं अमेरिकेत मूळपुरुष होऊन बसली आहेत, केवळ हे एक पान न उलटल्यामुळे. डीएनए चाचणीत वायडीएनए म्हणजे बाप-मुलगा-नातू या सरळ पुरुषरेषेची चाचणी उपयोगी पडते. सर्वसाधारण चाचणीत आठ-नऊ पिढ्यांमागच्या माणसाचा अंश फार थोडा उरतो, कधी उरतही नाही.

हाती आलेलं लिहून काढताना प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक शेरा द्या: कागदाने सिद्ध, संभाव्य, किंवा घरची आठवण. कागद कुठे पाहिला, कुठली वही, कुठलं पान हेही लिहा. तयार झालेली प्रत नातवंडांना द्याच, पण एक प्रत ज्या काउंटीत ते घराणं राहिलं तिथल्या इतिहास मंडळाकडेही पाठवा. त्याच गोतावळ्यातल्या दुसऱ्या कुणाचा तरी वंशज तिथे चौकशी करत येतो, आणि त्याच्याकडे नेमकं तुमच्याजवळ नसलेलं पान असू शकतं.